लोंडो, जी'कार, किरा, बाल्टर : सायफाय सिरीजमधली माणसं खरोखर बदलतात तेव्हा

गोदाकाठी

आधीच सांगतो, स्पॉयलर भरपूर आहेत. बॅबिलॉन ५, डीप स्पेस नाइन आणि २००४ ची बॅटलस्टार गॅलॅक्टिका ज्यांना अजून बघायची आहे त्यांनी इथूनच परत फिरा, नंतर मला बोल लावू नका.

आमच्या कॉलेज रोडच्या ग्रुपमधे एकाचं ठाम मत आहे की कॅरॅक्टर आर्क म्हणजे वाईट माणूस शेवटी सुधारतो किंवा भित्रा माणूस शूर होतो, बास. मला हे अजिबात पटत नाही आणि चहा पिता पिता सांगून होण्यासारखा हा विषय नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. माणूस चांगला झाला का वाईट झाला हे माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. त्याने जे केलंय ते सिरीजने शेवटपर्यंत लक्षात ठेवलं का, कुणीतरी त्याला कधीतरी त्याचा जाब विचारला का, ते बघायचं. तेवढं असेल तर आर्क, नाहीतर नुसता मेकअप बदललाय.

आता बॅबिलॉन ५ मधला, म्हणजे त्याच नावाच्या अवकाश स्टेशनवरचा लोंडो मोलारी घ्या. सेंटॉरी या परग्रहवासी लोकांच्या साम्राज्याचा राजदूत, साम्राज्य उतरणीला लागलेलं आणि हा पण, दिवसभर पत्ते आणि दारू आणि जुन्या वैभवाच्या गोष्टी, स्टेशनवर कुणी त्याला गांभीर्याने घेत नाही. पहिल्या सीझनमधे तो आपल्याला आवडतोच, आवडावा म्हणूनच लिहिलाय. मग मॉर्डन नावाचा गोड बोलणारा माणूस, एका गूढ बलाढ्य शक्तीचा दलाल, येऊन विचारतो तुला काय हवंय, आणि हा सांगून टाकतो की आमचे जुने दिवस परत हवेत. एवढंच. सही नाही, करार नाही, रागाच्या भरात बोललेलं एक वाक्य, आणि तिथून पुढे सगळं घसरत जातं.

दुसऱ्या सीझनमधला द कमिंग ऑफ शॅडोज हा भाग, १९९६ चा ह्यूगो हा सायफायचा मोठा पुरस्कार याला मिळाला, तो मी आजवरच्या सायफाय टीव्हीतला सगळ्यात चांगला एक तास मानतो. म्हातारा सेंटॉरी सम्राट नार्न लोकांची, ज्यांना सेंटॉरींनी एकेकाळी गुलाम केलं होतं त्यांची, माफी मागायला आलाय, ते करण्याआधीच कोसळतो. इकडे लोंडोने मॉर्डनला सांगून नार्न वसाहतीवर हल्ला घडवून आणलाय. आणि नार्न राजदूत जी'कार, जो त्याच दिवशी सम्राटाचा खून करायला निघाला होता, त्याला सम्राटाचा माफीचा निरोप मिळतो, तो हलून जातो आणि येऊन लोंडोला ड्रिंक पाजतो, सम्राटाच्या तब्येतीसाठी म्हणून. लोंडोला माहितीये काय होऊन बसलंय, जी'कारला माहिती नाही. लोंडो झालेल्या पीटर युरासिकचा तो चेहरा बघा फक्त. पुढे सम्राट मरताना लोंडोच्या कानात सांगतो की तू आणि तुझा साथीदार दोघंही नरकात जाणार, आणि बाहेर येऊन लोंडो सगळ्यांना सांगतो की सम्राट म्हणाले कामाला लागा. म्हणजे माणूस वाईट झाला का? तर नाही, त्याला कळतंय, प्रत्येक वेळी कळतंय, आणि कळूनही तो पुढचं पाऊल टाकतो. हे लिहायला फार अवघड आहे.

त्याच सीझनमधे पुढे सेंटॉरी ताफा नार्न ग्रहावर उल्का फेकून शहरं जमीनदोस्त करतो आणि लोंडो जहाजाच्या काचेतून ते बघत उभा असतो, एक शब्द बोलत नाही.

आता जी'कार. हा पहिल्या सीझनमधे जवळपास खलनायकच आहे, कपटी, बाईलवेडा, सूडाने पेटलेला. त्याचा ग्रह जातो, तो स्टेशनवर आश्रित होतो. तिसऱ्या सीझनमधे तो आणि लोंडो लिफ्टमधे अडकतात, बाहेर आग लागलीये, आणि जी'कार हसायला लागतो, कारण एक सेंटॉरी मारला तर पाचशे नार्न मारायचे असा कायदा आहे, त्यामुळे हाताने मारता येत नाही पण इथे बसून लोंडोला मरताना बघता येईल आणि कुणी दोष देणार नाही. तो हसण्याचा सीन आणि पाचव्या सीझनमधला तो सीन शेजारी ठेवा जिथे हाच जी'कार लोंडोला सांगतो की माझे लोक तुझ्या लोकांना कधीच माफ करणार नाहीत, पण मी तुला करतो. मधे काय काय झालंय, कैद, छळ, नंतर गादीवर आलेल्या वेड्या सम्राटाने काढवलेला डोळा, दोघांनी मिळून त्या सम्राटाला संपवायचा रचलेला कट. मधलं एक काढलं तरी ती माफी खोटी वाटली असती. आणि माफी मिळाली म्हणून लोंडो सुटत नाही. त्याच भागात तो गादीवर बसतो आणि त्याच्या मानेवर कायमचा पहारेकरी, त्याला ताब्यात ठेवणारा एक जिवंत प्राणी, बसवला जातो. हिशोब चालूच आहे!

आणि मग ते स्वप्न. अगदी पहिल्या सीझनच्या पहिल्या भागात लोंडो सांगतो की मी स्वप्नात बघितलंय, म्हातारपणी आम्ही दोघं एकमेकांचे गळे दाबून मरणार. आपण धरून चालतो की वैरी आहेत म्हणजे असंच होणार. तिसऱ्या सीझनमधे भविष्यातला तोच सीन पूर्ण दिसतो तेव्हा कळतं की लोंडोने स्वतःच जी'कारला विनंती केलीये, मला मार, म्हणजे ह्या पहारेकऱ्याच्या तावडीतून सुटेन आणि बाकीचे वाचतील. सीन तोच, अर्थ उलटा. हे असं जमतं कारण सिरीजचा कर्ता जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्कीने पाच वर्षांचा आराखडा आधी मांडला होता आणि ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले.

आता माझी खरी तक्रार. आज आठ-दहा भागांचा सीझन, मग दोन तीन वर्षं गॅप, सेव्हरन्स या सिरीजचा पहिला सीझन २०२२ चा आणि दुसरा थेट २०२५ ला. मला ती आवडते, प्रश्न तो नाहीये. पण लोंडोसारखा माणूस आठ भागांत मावत नाही, कारण आधी त्याच्याबरोबर उगाच बसावं लागतं, त्याचे फालतू जोक ऐकावे लागतात, तरच त्याने केलेल्या गोष्टीचं आपल्याला वाईट वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

सिडकोकर

लेख मस्त पण शेवटच्या मुद्द्याशी साफ असहमत. जुन्या बावीस भागांच्या सीझनमधे निम्मे भाग भरतीचे असायचे, ते आता आपल्याला आठवत नाहीत म्हणून सगळं सोनं वाटतं. वेळ जास्त मिळाला म्हणजे आर्क चांगली होते असं काही नाही, नाहीतर स्टार ट्रेक व्हॉयेजरच्या सात सीझनमधे हॅरी किमला एक तरी बढती मिळाली असती, बिचारा पहिल्या भागात एन्साइन, म्हणजे सगळ्यात खालचा अधिकारी, आणि शेवटच्या भागातही एन्साइन.

स्टार वॉर्समधली अँडोर बघ. दोन सीझन, चोवीस भाग, संपलं. त्यात सिरिल कार्न आहे, हिरो पण नाही आणि मोठा खलनायक पण नाही, एका कंपनीचा सिक्युरिटीवाला ज्याला नियम पाळायची आणि कुणीतरी पाठ थोपटावी याची भूक आहे. सगळी सिरीज तो हिरो कॅसियनच्या मागे लागलाय, त्याच्या आयुष्याचा अर्थच तो माणूस झालाय. गोर्मन ग्रहावर शेवटी समोर येतो, मारामारी होते, बंदूक रोखतो आणि कॅसियन विचारतो, तू कोण? त्याला माहितीच नाही हा कोण आहे ते. सिरिलचा हात खाली येतो आणि त्याच क्षणी दुसऱ्याच कुणाची गोळी त्याला लागते. तुझ्याच कसोटीवर लाव भाऊ, त्याने केलेलं सिरीजने लक्षात ठेवलं का? ठेवलं. जाब विचारला का? एका प्रश्नात विचारला. आणि सिरिल एकूण किती मिनिटं पडद्यावर आहे बघ.

गोदाकाठी

सिरिलचं शंभर टक्के मान्य, पण चोवीस भाग म्हणजे आठ नव्हेत, आणि त्याच्या आईबरोबरचे ते नाश्त्याचे सीन आठव. कथेला पुढे नेत नाहीत, तरी ते नसते तर तुला तो प्रश्न एवढा लागला नसता. मी त्याच उगाच बसण्याबद्दल बोलतोय.

शब्दवेडी

गोदाकाठी दादा, शीर्षकात किरा आहे आणि लेखात ती कुठेच नाही, म्हणून मी लिहिते :)

किरा नेरीस ही स्टार ट्रेकच्या डीप स्पेस नाइनमधली बजोरन, तिच्या बजोर ग्रहावर ताबा मिळवलेल्या कार्डेशियन लोकांविरुद्ध लहानपणापासून लढलेली, बॉम्ब लावलेली, माणसं मारलेली बाई आहे आणि डीप स्पेस नाइन ते कधीही गुळगुळीत करत नाही. पहिल्याच सीझनमधे, १९९३ चा ड्युएट हा भाग. एक कार्डेशियन स्टेशनवर येतो, किराला वाटतं हा गॅलिटेप छळछावणीचा कुप्रसिद्ध अधिकारी आहे, तो पण छाती ठोकून सांगतो हो मीच तो. शेवटी निघतं काय तर तो तिथला साधा कारकून, रात्री कान झाकून पडून राहणारा, आणि आता अधिकाऱ्याचं सोंग घेऊन शिक्षा भोगायला आलाय, म्हणजे कार्डेशियावर खटला चालेल आणि तिथल्या लोकांना कबूल करावं लागेल. किरा त्याला सोडते, आणि चालता चालता एक बजोरन त्याला भोसकतो, का तर तो कार्डेशियन आहे, एवढं कारण पुरे. किरा म्हणते, नाही, पुरे नाही. बहुतेक सिरीजनी इथेच तिला बदललेली बाई म्हणून प्रमाणपत्र देऊन टाकलं असतं.

डीप स्पेस नाइन देत नाही. ती पुढे पण कार्डेशियन लोकांवर चिडते, घसरते, पुन्हा सावरते. आणि सातव्या सीझनमधे, सहा वर्षांनी, नियती तिला कुठे नेऊन उभं करते तर कार्डेशिया ताब्यात घेतलेल्या डोमिनियन या सत्तेविरुद्ध कार्डेशियन लोकांना बंडखोरी शिकवायला. ज्या युक्त्या त्यांच्याविरुद्ध वापरल्या त्याच त्यांना शिकवायच्या. बंडाचा पुढारी डमार, ज्याने एक सीझन आधी झियाल नावाच्या मुलीला गोळी घातली, आणि झियाल किराला मुलीसारखी होती. त्या डमारच्या बायकामुलांना मारल्याची बातमी येते, तो सुन्न होऊन म्हणतो की असले हुकूम देणारे लोक असतात तरी कसले. आणि किराच्या तोंडून तोच प्रश्न परत जातो, हो डमार, कसले असतात असले लोक?

मी हा सीन आईबरोबर बघितला होता, तिला सायफायचं काही प्रेम नाही, मधूनच येऊन बसली होती. ती म्हणाली, आता हा माणूस एकतर हिला मारेल नाहीतर सुधारेल. त्या एका ओळीवर डमार बदलतो, आणि ती ओळ म्हणायचा हक्क विश्वात फक्त किराला होता. म्हणून मला वाटतं आर्क ही एकट्या माणसाची नसतेच. लोंडोची जी'कारशिवाय नाही, डमारची किराशिवाय नाही. जाब विचारणारा पण तेवढाच घडलेला लागतो, म्हणजे दोन दोन माणसं घडवायला वेळ लागणारच की! सिडकोकर, याचं उत्तर द्या.

मिसळ_विथ_पाव

+१ शब्दवेडी. मी यातलं काहीच बघितलेलं नाही, स्पॉयलर वाचूनही बघावंसं वाटतंय. कुठून सुरू करू?

गोदाकाठी

शब्दवेडी, तुझा मुद्दा माझ्या लेखापेक्षा पुढचा आहे, जाब विचारणाऱ्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं.

मिसळ, बॅबिलॉन ५ चा पहिला सीझन हळू आहे आणि १९९४ चे कॉम्प्युटर ग्राफिक्स आज जुने दिसतात, तरी सोडू नकोस. वगळत वगळत बघितलंस तर पहिला भाग आणि साइन्स अँड पोर्टेंट्स हे दोन चुकवायचे नाहीत, मग दुसरा सीझन सलग. डीप स्पेस नाइनचे सुरुवातीचे बरेच भाग सुटे आहेत पण ड्युएट आधी बघ.

निफाडची_बाग

मी वाचतच असतो, लिहीत नाही, पण हा विषय माझा आहे.

आमची द्राक्षबाग आहे. स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशनचा फॅमिली नावाचा भाग आहे, १९९०, त्याच्याबद्दल इथे कुणीच बोललं नाही. त्याच्या आधीच्या दोन भागांत बोर्गने, म्हणजे माणसांना पकडून यंत्रासारखं आपल्यात सामावून घेणाऱ्या जमातीने, एंटरप्राइज जहाजाचा कॅप्टन पिकार्डला पकडून त्याचं शरीर, त्याचं डोकं सगळं ताब्यात घेतलं, त्याच्याच ज्ञानाने त्याच्या लोकांची जहाजं बुडवली. त्या काळच्या पद्धतीने पुढच्या आठवड्यात तो खुर्चीत बसून नवीन ग्रहाकडे निघाला असता. पण फॅमिलीत तो गावी जातो, फ्रान्समधे ला बार, घरची द्राक्षबाग. मोठा भाऊ रॉबर्ट बाग सांभाळतो, धाकटा आकाशात निघून गेलेला. आमच्या निफाड पिंपळगावकडे असली घरं किती दाखवू, एक भाऊ बागेत, एक पुण्याला नाहीतर अमेरिकेत, आणि दिवाळीला धाकटा आला की जेवताना सगळं व्यवस्थित चाललेलं असतं आणि तरी काहीतरी अडकलेलं असतं. दोघं भाऊ शेवटी बागेतल्या चिखलात मारामारी करतात, चिखलाने माखून हसायला लागतात आणि हसता हसता पिकार्डचा बांध फुटतो, मी त्यांना थांबवू शकलो नाही म्हणून लहान पोरासारखा रडतो. त्या अख्ख्या भागात एंटरप्राइजच्या ब्रिजवर एकही सीन नाही. दोन वर्षांनी आय, बोर्ग या भागात तोच पिकार्ड एका एकट्या बोर्ग पोराला हत्यार म्हणून वापरायला निघतो तेव्हा आपल्याला कळतं की हे कुठून आलंय.

बागेचं सांगायचं तर आम्ही एप्रिलमधे खरड छाटणी करतो, बाग नुसत्या खोडओलांड्यांची भकास दिसते, बाहेरच्या माणसाला वाटेल संपलं. पण त्यानंतर फुटलेल्या काडीत घड तयार होतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि ऑक्टोबर छाटणी झाल्यावर तो बाहेर येतो. एप्रिल बिघडला तर ऑक्टोबरमधे काहीही करा, घड येत नाही. फॅमिली हा एप्रिलचा भाग आहे. सिडकोकर ज्यांना भरतीचे भाग म्हणताय त्यातले काही हे असले आहेत.

दुसरं म्हणजे फॅमिली लिहिलाय रोनाल्ड डी. मूरने. शब्दवेडी ताईंनी सांगितलेला किरा डमारचा भाग, टॅकिंग इंटू द विंड, तोही त्याचाच. आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिका त्यानेच उभी केली. म्हणून बाल्टर.

गायस बाल्टर, मोठा शास्त्रज्ञ, स्टायलिश, बोलणं एकदम उच्चभ्रू, त्याच्यामुळे मानवजात जवळजवळ संपलीये आणि हा पूर्ण सिरीजभर स्वतःची कातडी वाचवतोय. तिसऱ्या सीझनमधे डर्टी हँड्समधे तो तुरुंगात टिरोल या जहाजावरच्या कामगारांच्या पुढाऱ्याला सांगतो की मी एरिलॉन या शेतीवाल्या ग्रहाचा, गोठ्यातला पोरगा, शेतकऱ्याचा, लहानपणीच ठरवलं की हे बोलणं टाकायचं आणि कॅप्रिका या पुढारलेल्या ग्रहासारखं बोलायला शिकायचं, आणि सांगता सांगता तो गावच्या बोलीत घुसतो. मी इंजिनिअरिंगला पुण्याला होतो. हॉस्टेलवर पहिल्या महिन्यात आमच्याकडची किती पोरं बोलणं बदलतात ते मी बघितलंय, घरी फोन आला की खोलीबाहेर जाऊन बोलतात. त्या सीननंतर मी बाल्टरचा तिरस्कार करू शकलो नाही, आणि त्याने केलेलं माफही करू शकलो नाही.

२००९ च्या शेवटच्या भागात सगळे नव्या पृथ्वीवर उतरतात, तंत्रज्ञान सोडून देतात, आणि बाल्टर त्याच्या प्रेयसीला, कॅप्रिका सिक्सला म्हणतो की शेतीतलं मला थोडं कळतं, आणि रडायला लागतो. त्या शेवटावर लोक अजून भांडतात, देवाचं काय, स्टारबक ही वैमानिक हवेत गायब कशी झाली. ती गायब झाली ते मलाही पटलेलं नाही, तिच्या आयुष्याचा हिशोब असा वाऱ्यावर सोडायला नको होता. पण बाल्टरचं ते एक वाक्य पूर्ण बरोबर आहे. ज्या गोष्टीपासून पळण्यात आयुष्य घालवलं तीच शेवटी त्याच्याकडे देण्यासारखी उरली.

शब्दवेडी

निफाडची_बाग, अजून लिहा. फार छान लिहिलंत.

ओझरचा_जुना

मुलांनो, सगळं वाचलं. सगळे मूरचं कौतुक करताय तर मला डुकाटबद्दल बोलायचंय. डीप स्पेस नाइनमधला गुल डुकाट हा सगळ्यात गुंतागुंतीचा माणूस होता. बजोरवर राज्य केलेला, लाखोंच्या मरणाला जबाबदार, आणि तरी त्याला खरंच वाटतं की बजोरन लोकांनी माझे आभार मानावेत, पुतळा उभारावा. आपली अनौरस मुलगी झियाल तिला मारायला निघतो आणि मारू शकत नाही, तिच्यासाठी पद, कुटुंब सगळं घालवतो. असल्या माणसाला शेवटी लाल डोळ्यांचा राक्षस करून गुहेतल्या आगीत टाकायचं? वॉल्ट्झ हा भाग, १९९८, तोही मूरचाच लिहिलेला, तिथून त्यांनी त्याला वेडा ठरवला आणि मग हिशोब मागायची गरजच उरली नाही. राक्षसाला कोण जाब विचारणार.

शब्दवेडी

काका, शेवटच्या गुहेबद्दल तुमच्याशी सहमत, पण वॉल्ट्झबद्दल नाही. वॉल्ट्झमधेच तर स्टेशनचा प्रमुख सिस्को त्याला एकेक प्रश्न विचारत त्याच्याच तोंडून काढून घेतो की मला ते सगळे बजोरन मारून टाकायला हवे होते. इतकी वर्षं तो जे गोड बोलत होता त्याच्या खाली हेच होतं. तो जाबच आहे. किराच्या आईबरोबरची ती गोष्ट आठवा, ती बाई त्याला स्वखुशीने मिळाली असं तो किराला वर्षांनंतर सांगतो, हे सांगण्यातली क्रूरता त्याला दिसतच नाही. असल्या माणसाला सिरीजने छान छान म्हणत सोडलं असतं तर मला जास्त राग आला असता.

ओझरचा_जुना

ते पटतं. वॉल्ट्झ तुला दिला, राक्षस मी सोडणार नाही.

सिडकोकर

शब्दवेडी, उत्तर मागितलंत म्हणून. जोडीचा मुद्दा मान्य, आणि एप्रिल छाटणीचा पण. पण मग एक्सपान्स या सिरीजमधला जहाजावरचा मेकॅनिक एमस बर्टन कुठे बसवणार? तिसऱ्या सीझनमधे प्रॅक्स आपल्या मुलीला पळवणाऱ्या डॉक्टरवर बंदूक रोखतो, एमस त्याला समजावतो की तू तसला माणूस नाहीस, प्रॅक्स बाहेर गेल्यावर डॉक्टरला सांगतो की मी आहे, आणि गोळी घालतो. पाचव्या सीझनमधे तो पृथ्वीवर बाल्टिमोरला गेलाय, उल्का पडल्यात, क्लॅरिसा नावाच्या कैद्याला तुरुंगातून काढलंय, आणि वाटेत त्याच्या लक्षात येतं की मी परत जुन्यासारखा व्हायला लागलोय, मला माझ्या माणसांकडे परत जायला पाहिजे. तो बदललेला नाहीच! त्याला फक्त कळलंय की आपण कुणाच्या संगतीत बरे असतो. त्याला कुणी जाब विचारत नाही, तोच स्वतःवर नजर ठेवून असतो. आणि पाचवा सीझन दहा भागांचा आहे.

गोदाकाठी

एमस माझ्या कसोटीत बसत नाही हे खरंय, आणि तो मला प्रचंड आवडतो. स्वतःवर नजर ठेवणारा माणूस हा वेगळाच प्रकार आहे, त्याच्यावर तू धागा काढ, मी येतो.

ओझरचा_जुना

सगळे लोंडोवर लिहिताय, वीरला विसरलात. वीर कोट्टो, लोंडोचा मदतनीस, घाबरट, गोंडस, सगळ्यांसाठी विनोदाचं पात्र. दुसऱ्या सीझनमधे मॉर्डन त्यालाही विचारतो तुला काय हवंय. लोंडोला विचारला तोच प्रश्न. आणि हा घाबरट माणूस शांतपणे सांगतो की तुझं मुंडकं भाल्यावर लावलेलं बघण्याइतकं जगायचंय, आणि मी खालून असा हात हलवीन, म्हणून बोटं हलवून दाखवतो. चौथ्या सीझनमधे ते भाल्यावर लागतं आणि वीर खाली उभा राहून तसाच हात हलवतो. टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण त्याच्या थोडंच आधी वेड्या सम्राटाला मारायचं काम चुकून वीरच्याच हातून झालेलं असतं, आणि तो दारू पिऊन रडतो की मला एवढं मोठं काही नको होतं, आणि लोंडो त्याच्याजवळ बसून त्याचं ऐकून घेतो. एकाच माणसाला मागितलेला सूड पण मिळाला आणि न मागितलेला खून पण गळ्यात पडला, दोन्ही त्याने सोसलं आणि मन कडवट होऊ दिलं नाही. लोंडोनंतर सम्राट होतो तो हाच वीर.